इंग्रजी ‘येत नाही’ म्हणजे नेमकं काय येत नाही?

खडूफळा (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. सांभाळून घ्या.

मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी कॉलेजात इंग्रजी शिकवते. आधी सहा वर्षं सीएचबीवर (तासिका तत्त्वावर) काढली, आता कायम आहे. माझ्या वाट्याला मुख्यतः पहिल्या वर्षाचं कंपल्सरी इंग्रजी येतं. पटावर १२० मुलं, वर्गात चाळीस-पन्नास, डाळिंबाची तोडणी सुरू झाली की तीस. बहुतेक सगळी मराठी माध्यमाची. महाराष्ट्रात २००० साली पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं, त्यामुळे माझ्या वेळेसारखं यांचं पाचवीपर्यंत अडलेलं नव्हतं. म्हणजे बारा वर्षं इंग्रजी शिकून ही मुलं माझ्यासमोर येतात आणि पहिल्याच दिवशी, मी नाव विचारायच्या आधी, सांगून टाकतात, “मॅडम, आम्हाला इंग्रजी येत नाही.”

(मराठीत भाषा आपल्याला ‘येते’, पाहुणी यावी तशी. आपण ओट्यावर बसून वाट बघायची. असो.)

हे वाक्य मी इतकी वर्षं निमूट ऐकून घेत होते. मागच्या वर्षी पहिल्यांदाच उलट विचारलं, “नेमकं काय येत नाही?”

“बोलता येत नाही.”
“वाचता येतं?”
“वाचता येतं, पण कळत नाही.”
“आणि लिहिता?”
“पाठ असेल तर येतं.”

हे शेवटचं उत्तर एका मुलीने इतक्या सहज दिलं की मला हसूही येईना. पण खरंच आहे ते. आमच्याकडे धडा कसा शिकवतात? सर एक परिच्छेद इंग्रजीत वाचतात, मग त्याचं मराठीत सांगतात. मुलं ऐकतात ती मराठी गोष्ट. मग गाईड घेतात, उत्तरं पाठ करतात आणि पेपरात उतरवतात. मी स्वतः अशीच पास झाले आणि पहिली काही वर्षं अशीच शिकवतही होते. पोर्शन वेळेत संपायचा, निकालही बरा लागायचा. कुणाची तक्रार नव्हती.

आता ज्यासाठी धागा काढला ते. दर वर्षी वह्या तपासताना एक चूक हमखास सापडते. “काल काय केलं” यावर पाच ओळी लिहायला सांगितल्या की निम्म्याहून जास्त मुलं लिहितात, “यस्टर्डे आय हॅड गॉन टू पंढरपूर.” मी लाल पेनाने ‘हॅड गॉन’ खोडून वर ‘वेन्ट’ लिहायचे. वर्षानुवर्षं. एकदा गठ्ठा तपासता तपासता थांबले. ज्यांची एकमेकांशी ओळखही नाही अशी चाळीस पोरं एकच चूक करत असतील, तर तो निष्काळजीपणा कसा असेल? दुसऱ्या दिवशी फळ्यावर मराठीत लिहिलं, ‘काल मी पंढरपूरला गेलो होतो.’ आणि विचारलं, “नुसतं ‘काल मी पंढरपूरला गेलो’ असं का नाही म्हणत?”

मागच्या बाकावरून उत्तर आलं, “तसं म्हटलं तर अजून तिकडंच आहे असं वाटतंय.”

बरोबर. जाऊन परत आलेला माणूस मराठीत ‘गेलो होतो’ म्हणतो. त्या ‘होतो’मध्ये परतीचं तिकीट आहे. पोरं ते इमानदारीत इंग्रजीत नेत होती, ‘होतो’ म्हणून ‘हॅड’. इंग्रजीला काल जाऊन आलेल्यासाठी साधं ‘वेन्ट’ पुरतं. एवढं सांगितल्यावर एका मुलाने विचारलं, “मग मॅडम, परत आला हे इंग्रजीत कळतं कुठं?” म्हटलं, नाही कळत, वेगळं सांगावं लागतं. “मग आपली मराठी भारी की!”

त्या तासानंतर ‘हॅड गॉन’ संपलं नाही, पण निम्मं तरी झालं. लाल पेनाने कधीच झालं नव्हतं.

तेव्हापासून मी तासाला मुद्दाम मराठी आणते. धड्याचा अर्थ सांगायला नाही, दोन भाषा शेजारी शेजारी ठेवायला. ‘मला आवडतं’ आणि ‘आय लाईक’ यांत करणारा कोण? ‘मी तिथेच आहे’मधला ‘च’ इंग्रजीत नेताना आपण ‘आय ॲम देअर ओन्ली’ का म्हणतो? मुलं यावर भांडतात, चक्क.

पण आमच्या विभागातल्या ज्येष्ठ सरांना हे पटत नाही. “ती पोरं दिवसभर मराठीच ऐकतात. तुमचे ४८ मिनिटं तरी इंग्रजी ऐकू द्या.” त्यांचंही चूक वाटत नाही मला. म्हणून विचारते: इंग्रजीच्या तासाला मराठी असावी का, आणि किती? जे मराठी माध्यमातून गेलेत त्यांनी स्वतःचं सांगावं.

---

रिकामटेकडा

रुमाल टाकून ठेवतो. धागा शंभरी गाठणार.

---

अण्णा मास्तर

धागाकर्तीचे अभिनंदन. ‘परतीचे तिकीट’ आवडले.

मी आता ऐंशी ओलांडलेली आहे. आमच्या वेळी मुंबई राज्यात इंग्रजी आठवीपासून होते. म्हणजे मिसरूड फुटताना आम्ही ए-बी-सी-डी गिरवीत होतो! आमचा सारा भर तर्खडकरी भाषांतरावर. मराठी वाक्य दिले की त्याचे इंग्रजी करायचे, इंग्रजी दिले की मराठी. लोक आज या पद्धतीला नावे ठेवतात. परंतु त्यामुळे दोन्ही भाषांचे सांधे कोठे जुळतात व कोठे निखळतात हे हाताला कळत असे. तुम्ही जे ‘गेलो होतो’चे केले तेच ते, फक्त आम्हाला कोणी कारण सांगत नसे. छडी सांगे.

आता दुसरी बाजू. पुण्यास कॉलेजात गेलो तेव्हा प्राध्यापकांनी वर्गात मला काही विचारले. उत्तर येत होते. मी ते आधी मनात मराठीत मांडले, मग कर्ता पुढे आणला, क्रियापद शोधले, त्याचा काळ ठरविला, आर्टिकल लावावे की न लावावे याचा विचार केला. वाक्य सर्वांगसुंदर तयार झाले आणि वर पाहतो तो प्राध्यापक पुढच्या पानावर! ते वाक्य मी अद्याप कोणाला ऐकविलेले नाही.

म्हणून माझे मत: लिहिण्यास मराठीचा आधार चालेल, बोलण्यास तो फार काळ घेऊ नये.

---

बॅकलॉग

मास्तर __/\__

ते वाक्य आता इथे टाका की, साठ वर्षं झाली.

---

अण्णा मास्तर

विसरलो. आर्टिकल मात्र लावायचे ठरले होते एवढे आठवते.

---

तिसरा बाक

माझा अनुभव थोडा वेगळा आहे म्हणून लिहितो. परभणी जिल्ह्यातलं गाव, दहावीपर्यंत मराठी माध्यम. तेव्हा आमच्याकडे सेमी नव्हतं, गणित-विज्ञान पण मराठीतच. अकरावी सायन्सला सगळं एकदम इंग्रजीत, आणि तिथून पुण्यात इंजिनीअरिंग.

सगळ्यांना वाटतं की आम्हाला अवघड शब्दांचा त्रास होतो. अजिबात नाही. ‘वेग’ला व्हेलॉसिटी, ‘घर्षण’ला फ्रिक्शन, ‘त्वरण’ला ॲक्सिलरेशन हे महिन्याभरात बसतं. सरही ते शब्द दहादा म्हणतात, पुस्तकात ठळक छापलेले असतात, मागे सूची असते. घोळ होतो तो बारक्या शब्दांनी. व्हेअरॲज, अनलेस, हेन्स, नेव्हरदलेस. हे कुठल्याच सूचीत नसतात, आणि आपल्याला येत नाहीत हे आपल्यालाही माहीत नसतं.

पहिल्या सेमिस्टरला मेकॅनिक्सच्या पेपरात प्रश्न होता, त्यात ‘प्रोव्हायडेड दॅट फ्रिक्शन इज नेग्लिजिबल’ असं काहीतरी. मला प्रोव्हाईड म्हणजे पुरवणे एवढं माहीत. म्हणजे घर्षण ‘दिलेलं’ आहे! मग मी ते आकडे प्रश्नात शोधत बसलो. सापडेना. वाटलं छपाईची चूक असेल, सुपरवायझरला विचारलं, त्यांनी खांदे उडवले. शेवटी मनानेच एक आकडा धरला आणि तीन पानं गणित केलं. एटीकेटी.

‘प्रोव्हायडेड’ म्हणजे ‘या अटीवर’ हे मला दुसऱ्या वर्षी रूममेटकडून कळलं, ते पण क्रिकेटच्या बातमीवरून.

त्यामुळे ताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर: कुणीतरी एकदा मराठीत बसवून ‘जर-तर, जरी-तरी, म्हणून, मात्र, नाहीतर, या अटीवर’ यांचे इंग्रजी जोडीदार दाखवले असते तर माझं एक वर्ष वाचलं असतं. त्यासाठी तासभर मराठी वापरली तर काही बिघडत नाही.

---

खडूफळा

@तिसरा बाक, हे सोनं आहे. उद्याच वर्गात वापरते, चालेल ना?

यावरून आठवलं. मायकेल वेस्ट नावाचा एक इंग्रज शंभरएक वर्षांपूर्वी ढाक्यात शिकवत होता. त्याचं म्हणणं होतं की बंगाली मुलांना इंग्रजी बोलण्याआधी वाचता येणं जास्त गरजेचं आहे. पुढे १९५३ मध्ये त्याने सुमारे २००० सर्वाधिक उपयोगी इंग्रजी शब्दांची यादी छापली. साध्या मजकुरातले जवळपास ८० टक्के शब्द त्या दोन हजारांतलेच असतात. तुमचे ‘अनलेस’वगैरे त्याच जातीचे. आम्ही मात्र धड्याखाली ‘कठीण शब्दार्थ’ म्हणून जे देतो त्यातले कितीतरी त्या मुलाला आयुष्यात पुन्हा भेटणारही नाहीत. एका धड्याखाली ‘जहाजाची डोलकाठी’ होती. आमच्या तालुक्यात.

---

कडू कारलं

हा सगळा खटाटोप कशासाठी? उच्च शिक्षण मातृभाषेत द्या, प्रश्न मिटला. जपान, जर्मनी, फ्रान्स कुठे इंग्रजीत शिकतात? आपल्याकडेही एआयसीटीईने २०२१ पासून मराठीत इंजिनीअरिंगला परवानगी दिलीच आहे. आपणच गुलाम मनोवृत्तीचे.

---

टोकियोतली आत्या

@कडू कारलं, जपानचं नाव घेतलंत म्हणून लिहायला बसले, नाहीतर भाकऱ्या व्हायच्या होत्या.

मी टोकियोजवळ दोन विद्यापीठांत इंग्रजी शिकवते, अर्धवेळ. इथे इंजिनीअरिंग, मेडिकल सगळं जपानीत होतं, हे खरं. पण म्हणून इंग्रजी सुटलेलं नाही. बहुतेक विद्यापीठांत पहिली एक-दोन वर्षं इंग्रजी सक्तीचं. नोकरीच्या अर्जात टोइक या इंग्रजीच्या परीक्षेचे मार्क लिहितात, ९९० पैकी. ती परीक्षा मुळात जपानी लोकांच्याच मागणीवरून १९७९ मध्ये सुरू झाली. २०२० पासून पाचवी-सहावीला इंग्रजी हा रीतसर विषय झालाय, तिसरी-चौथीला तोंडओळख. म्हणजे मातृभाषेत सगळं शिकूनही यांना इंग्रजीची धास्ती आहेच. आणि आठ-नऊ वर्षं शिकून माझ्यासमोर येणारी मुलं काय म्हणतात? “एइगो वा निगाते देसु.” इंग्रजी माझा कच्चा विषय आहे. खडूफळा, तुझाच वर्ग!

इथे ‘याकुदोकु’ नावाची जुनी पद्धत आहे. इंग्रजी वाक्यातल्या शब्दांचा अर्थ लावायचा आणि मग शब्द जपानी क्रमाने फिरवून घ्यायचे. जपानीत क्रियापद आपल्यासारखंच शेवटी येतं, त्यामुळे वाक्य उलटंपालटं करावं लागतं. काही मुलं पेन्सिलीने शब्दांवर १, २, ३ आकडे घालतात. मुळात चिनी ग्रंथ जपानीत वाचायची ही शेकडो वर्षांची रीत, तीच इंग्रजीला लावली. यातून वाचणारे चांगले तयार होतात, बोलणारे होत नाहीत. अण्णा मास्तरांची बस चुकते ती अशी.

पण यांच्या शांततेबद्दल सांगते. पहिल्या सत्रात मी प्रश्न विचारला की वर्ग गप्प. मला वाटायचं माझं इंग्रजी कळत नाहीये. मग एका जपानी सहकाऱ्याने सांगितलं, त्यांना कळतंय, पण सगळ्यांसमोर चुकायचं नाहीये. तेव्हापासून एक नियम केला. प्रश्न विचारल्यावर तीन मिनिटं शेजाऱ्याशी जपानीत बोला. काय म्हणायचंय ते ठरवा. मग इंग्रजी. ती तीन मिनिटं दिली की हात वर येतात. काय बोलायचं आणि कसं बोलायचं ही दोन ओझी एकदम उचलायला लावू नयेत, एवढंच त्यामागचं गणित.

तेव्हा माझं मत मराठीच्या बाजूने, पण घड्याळ लावून.

(अवांतर: एका ठिकाणी माझा अर्ज ‘आम्हाला नेटिव्ह स्पीकर हवाय’ म्हणून परत आला. नाव सांगत नाही. गंमत म्हणजे मला माझ्या मुलांच्या चुका लगेच कळतात त्या मी नेटिव्ह नाही म्हणूनच. क्रियापद शेवटी ठेवून विचार करणं म्हणजे काय हे मला माहीत आहे.)

---

रिकामटेकडा

आत्या, भाकऱ्या झाल्या का?

---

टोकियोतली आत्या

दोन करपल्या.

---

लाल पेन

मीही याच पेशातला, वीस वर्षं. थोडा विरोधी सूर लावतो.

धागाकर्तीचा ‘गेलो होतो’चा तास उत्तम. पण तसे तास वर्षात किती होतील? नवीन शैक्षणिक धोरणात आमच्याकडे इंग्रजी एईसीखाली (एबिलिटी एन्हान्समेंट कोर्स) आलंय, दोन क्रेडिट. एका क्रेडिटला पंधरा तास, म्हणजे सत्रात तीस. त्यातून युवा महोत्सव, एनएसएस कॅम्प, परीक्षा वजा करा. उरलेल्या वीस-बावीस तासांत मराठी सुरू झाली की ती थांबत नाही. शिक्षकालाही सोपी पडते, मुलांनाही. ‘दोन भाषा शेजारी ठेवणं’ तुम्हाला जमतं कारण तुम्ही तयारी करता. बाकीचे मराठी वापरतात ते इंग्रजी बोलायचा कंटाळा म्हणून. हे कटू आहे पण स्टाफरूममध्ये बसणाऱ्या कुणालाही विचारा.

दुसरं, आपण बोलण्याबद्दल बोलतोय, पण परीक्षा कशाची घेतो? लेखी. जे तपासलं जात नाही ते कुणी शिकत नाही आणि शिकवतही नाही. तोंडी परीक्षेला मार्क ठेवलेत तिथे काय होतं तेही माहीत आहे: हजेरी क्रमांकाने बोलवा, “टेल मी समथिंग अबाउट युवरसेल्फ”, पाठ केलेल्या सहा ओळी, नेक्स्ट. १२० मुलं एका दुपारी.

तिसरं, चॅटजीपीटी. मागच्या सत्रात घरून लिहून आणायला ‘माझं गाव’ दिलं. चाळीस निबंध आले, एकात चूक नाही. सगळ्या गावांत ‘रिच टेपेस्ट्री ऑफ कल्चर’. एका गावाला तर समुद्रकिनारा होता. मुलगा जतचा.

---

बॅकलॉग

जतला समुद्र =)) =))

आधी पाणी तरी द्या म्हणावं.

---

खडूफळा

@लाल पेन सर, तुमचे तिन्ही मुद्दे मान्य. पहिल्यावर माझ्याकडे उत्तर नाही. मीसुद्धा दमलेल्या दिवशी मराठीत घसरते आणि तास संपल्यावर अपराधी वाटतं.

बोलण्याबद्दल दोन गोष्टी करून बघितल्यात. एक म्हणजे व्हॉट्सॲपवर एक मिनिटाचा आवाज पाठवायचा, फक्त मला, ग्रुपवर नाही. विषय अगदी क्षुल्लक: आज घरी कोणती भाजी होती, एसटी किती उशिरा आली. कागद बघून वाचलं की लगेच कळतं, आवाज सपाट होतो. चॅटजीपीटीकडून लिहून घेतलेलं तर पहिल्या वाक्यात कळतं, कारण आमटीला कुणी ‘डिलेक्टेबल’ म्हणत नाही. पहिल्या आठवड्यात अकरा आले. मुलींचे रात्री दहानंतर यायचे. नंतर समजलं की घरात फोन एकच, आणि भाऊ झोपल्यावरच तो हाती लागतो. मागे कुत्रं भुंकतंय, कुकरची शिट्टी होतेय, आणि दबक्या आवाजात इंग्रजी. मी त्यात एकच चूक सांगते, दोन नाही.

दुसरं रेल्वेचं वेळापत्रक. ही कल्पना माझी नव्हे. एन. एस. प्रभू यांनी १९७९ पासून पाचेक वर्षं बंगळुरू आणि दक्षिणेतल्या शाळांत एक प्रयोग केला होता. व्याकरण शिकवायचं नाही, मुलांना सोडवायला कामं द्यायची, नकाशे, वेळापत्रकं वगैरे, आणि भाषा त्या ओघात येऊ द्यायची. जगभर आज टास्क-बेस्ड म्हणून जे चालतं त्याच्या मुळाशी हा प्रयोग आहे. बीएडला हे नाव एका ओळीत येतं आणि जातं.

मी वर्गाला सांगितलं: सकाळी नऊला पुण्यात मुलाखत आहे, कुर्डुवाडीहून निघायचंय, गाडी ठरवा. बोलायचं इंग्रजीतच, मोडकंतोडकं चालेल. हुतात्मा एक्सप्रेस बाद झाली, कारण ती सकाळीच सोलापूरहून निघते. सिद्धेश्वर रात्रीची आहे, पण ती पुण्यात अपरात्री उतरवते. मग तिथून सकाळपर्यंत काय करायचं? एक गट म्हणाला स्टेशनवर झोपू. दुसरा म्हणाला, “शर्ट विल बिकम चुरगाळलेला.” त्यावर तिसरा, “टेक शर्ट इन बॅग, नो!” शेवटी एक मुलगी उठली. वर्षभर तोंड न उघडलेली. म्हणाली, “सर... मॅडम, व्हाय ट्रेन? माय अंकल हॅज पिकअप. ही गोज मार्केट यार्ड विथ डाळिंब. आय विल सिट.”

वेळापत्रक राहिलं बाजूला. पण मला तिच्या त्या चार वाक्यांत एकही चूक दुरुस्त करावीशी वाटली नाही.

---

गोंयकार

आमच्याकडचं थोडंसं. गोव्यात चौथीपर्यंत मराठी किंवा कोंकणी शाळा आणि पाचवीपासून एकदम इंग्रजी माध्यम, असं आमचं झालं. (प्राथमिकला कोणतं माध्यम यावरून २०११ मध्ये केवढा गदारोळ झाला ते वेगळंच.) पाचवीचं वर्ष भयानक गेलं, इतिहासाच्या तासाला शिवाजी महाराज सोडून काही कळायचं नाही. पण कॉलेजात पोचेपर्यंत बोलायची भीती उरली नव्हती. चुका होत्याच, आहेतच. बाजारात, पंचायतीत, बसमध्ये चार भाषा कानावर पडतात, कोणी कोणाला हसत नाही. निदान आमच्या गावात.

भीती गेली म्हणून लिहिणं सुधारलं असं नाही हं. माझी बायको कॉलेजात शिकवते, ती म्हणते पोरं फाडफाड बोलतात आणि अर्ज लिहायला सांगितला की पेन चावतात.

---

कडू कारलं

जपानबद्दल माहिती नवीन होती, आत्या. तरीही मुद्दा सोडत नाही. ज्याला परदेशी कंपनीत जायचंय त्याने शिकावं. तालुक्याच्या प्रत्येक पोराला सक्ती का?

---

तिसरा बाक

कारण सक्ती कोर्सात नसली तरी पुढे असतेच, फक्त कुणी सांगत नाही. आमच्या शॉपफ्लोअरवर मशीनचं मॅन्युअल इंग्रजीत, बिघाड झाला की स्क्रीनवर येणारी ओळ इंग्रजीत. आयटीआयची हुशार पोरं त्या ओळीचा फोटो काढून मला पाठवतात. यूपीएससीला तुम्ही मराठीतून उत्तरं लिहू शकता, पण मुख्य परीक्षेतला ३०० मार्कांचा इंग्रजीचा पेपर २५ टक्क्यांनी पास झाल्याशिवाय बाकीचे पेपर मोजतच नाहीत.

मराठीत इंजिनीअरिंग झालंच पाहिजे, मी स्वतः पुस्तकं तपासून द्यायला तयार आहे. पण त्या मुलालाही ‘प्रोव्हायडेड’ लागणारच.

---

वैनगंगा

नमस्कार. मी इथं पहिल्यांदा लिहीत आहे. मी भंडारा जिल्ह्यातली, बीकॉम सेकंड इयरला आहे. मोबाईलवरून लिहीत आहे, चुका असतील तर माफ करा.

मी स्पोकन इंग्लिशचा क्लास लावला होता, चार हजार रुपये, तीन महिने. बाबांनी धान विकून आले तेव्हा दिले. तिथं पहिला महिना ‘हाऊ आर यू’ झालं, दुसऱ्या महिन्यात ग्रुप डिस्कशन, विषय होता ‘सोशल मीडिया वरदान की शाप’. जे इंग्लिश मिडियमचे होते ते बोलायचे, आम्ही ऐकायचो. सर म्हणायचे, “थिंक इन इंग्लिश!” मला ते कसं करतात तेच समजलं नाही. विचार तर आपोआप येतात, ते आधी थांबवायचे का?

मला वरचं ‘गेलो होतो’ वाचून खूप बरं वाटलं. मी पण तसंच लिहिते. मला वाटायचं मला बुद्धीच कमी आहे.

एक विचारायचं होतं. चुकीचं बोललं तर चालते का? म्हणजे इंटरव्ह्यूला नाही, पण शिकताना?

---

टोकियोतली आत्या

अगं चालतं काय, पळतं. मी जपानी चुकत चुकतच शिकले. पहिल्या वर्षी भाजीवाल्याला ‘कावाइइ’च्या जागी ‘कोवाइ’ म्हणाले होते. त्याच्या बाळाकडे बघून. ‘किती गोड’च्या ऐवजी ‘किती भीतिदायक’. अजून त्याच्याकडूनच भाजी घेते.

---

लाल पेन

@वैनगंगा, बुद्धीचा काही संबंध नाही. ‘विचार आधी थांबवायचे का’ हा प्रश्न तुमच्या क्लासच्या सरांना पडायला हवा होता. तुम्हाला पडला.

एक काम सुचवतो. रोज वापरत असलेले इंग्रजी शब्द लिहून काढा. क्लासमधले नाहीत, घरातले, शेतातले.

---

खडूफळा

लाल पेन सरांनी माझ्या मनातलं घेतलं. मी हे वर्गात केलंय. सांगितलं, मराठी बोलताना जे इंग्रजी शब्द तोंडात येतात ते सांगा. ड्रिप, लॅटरल, व्हॉल्व्ह, मल्चिंग पेपर, शेडनेट, स्प्रे, डीपी, थ्री फेज, फ्यूज, स्टार्टर, लोडशेडिंग, सबसिडी, रोटाव्हेटर. फळा भरला, मग भिंतीवर लिहू का म्हणून पोरं हसायला लागली. “इंग्रजी येत नाही” म्हणणारी हीच पोरं. मग खेळ असा की या शब्दांचा इंग्रजीत तोच अर्थ आहे का? ‘लाईट गेली’ म्हणजे प्रकाश गेला नव्हे. आपलं ‘हॉटेल’ म्हणजे चहा-मिसळ, त्यांचं म्हणजे मुक्काम.

---

टोकियोतली आत्या

अगदी! जपानीत ‘मान्शोन’ म्हणजे आपला साधा फ्लॅट, महाल नव्हे. ‘बाइकिंगु’, म्हणजे व्हायकिंग, हे बुफे जेवणाला म्हणतात. आणि ‘कोन्सेन्तो’ म्हणजे भिंतीतला विजेचा सॉकेट. आमचा तर एक अख्खा तास यावर जातो.

---

अण्णा मास्तर

वैनगंगा यांस: मी साठ वर्षांपूर्वी वाक्य पूर्ण होण्याची वाट पाहिली. तुम्ही पाहू नका. अर्धे झाले की बोलून टाका, उरलेले समोरचा पुरे करतो.

---

वैनगंगा

सगळ्यांचे धन्यवाद. मी रात्री यादी केली, ६३ शब्द झाले. आईने पण सांगितले. ‘ट्रान्सप्लांटर’ तिनेच सांगितला, मला माहीत नव्हता, तिला माहीत होता. रोवणीची मशीन असते ती.

खडूफळा मॅडम, मी तुमच्या कॉलेजची नाही पण आवाज पाठवू का? एक मिनिटाचा?

---

खडूफळा

पाठव ना. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते नंबर. कागद बघायचा नाही, एवढीच अट. विषय: तुझी आई आणि तो ट्रान्सप्लांटर.

---

रिकामटेकडा

शंभरी नाही झाली, पण रुमाल वाया गेला नाही.

---

वैनगंगा

पाठवला मॅडम. ५२ सेकंदच झाला. मध्ये एकदा ‘हॅड गॉन’ आलं, ते माझं मलाच ऐकू आलं, मी तिथंच थांबून ‘वेन्ट’ म्हटलं. ते कापलं नाही, तसंच ठेवलं आहे.